कोंबडीखताचें पाणी आणि मका
(धरणगांव येथें शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)

युरियाची गोणी आपण उधारीवर आणतों आणि खुराड्यांतली विष्ठा उकिरड्यावर फेंकतों! कोंबडी वेगळें मुतत नाहीं. तिचें सारें नत्र विष्ठेंतच उतरतें, म्हणून हें खत शेणखताहून जहाल. ओलें तसेंच मक्याच्या बुडाशीं टाकलें कीं मुळें करपतात, मग आपण दैवाला बोल लावतों.

विष्ठा गोणपाटांत बांधून झांकलेल्या पिंपांत आठवडाभर भिजवा. तें पाणी फिकट चहासारखें पातळ करा. मका गुडघ्याएवढा झाला कीं ओल्या सरींत द्या व लगेच माती ओढा. पानांवर नको, तोच चारा गुरांना घालतों. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत उघडें नत्र उडून जातें. नाकाला झोंबतो तो वास म्हणजे आपलाच पैसा!

शेडवरून खत आणणाऱ्यांनीं एक ध्यानांत ठेवावें. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्लू आला, लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. रोगट शेडचें खत फुकट मिळालें तरी घेऊं नका.

दहा-वीस कोंबड्यांवर एकरभर मका पोसणार नाहीं. खुराडें झाडणाऱ्या घरधनिणीला विचारून यंदा चार सऱ्यांना द्या, चार कोऱ्या ठेवा, आणि दोन्हींकडचे दाणे तोलून पाहा.