तुघलकाबाद ते देवगिरी



गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलाबाळांसह तुघलकाबादचा किल्ला पाहिला. दिल्लीच्या दक्षिणेस खडकाळ टेकडीवर गियासुद्दीन तुघलकाने १३२१च्या सुमारास हे नगर वसविण्यास आरंभ केला. १३२५ मध्ये तो निवर्तला आणि नगर लवकरच ओसाड झाले. प्रचंड तट अद्याप उभे आहेत. आत मात्र झुडपे आणि पडझड.

बुरुजावर एका मुलाने विचारले, "हा गड आपला आहे का?" सिंहगड-रायगडाच्या गोष्टी ऐकून वाढलेले, पण त्यांपैकी एकही गड न चढलेले ते मूल. आम्ही निरुत्तर झालो.

उत्तर मागाहून सुचले. गियासुद्दीनचा पुत्र महंमद याने १३२७ मध्ये यादवांच्या देवगिरीस राजधानी केली, तिला दौलताबाद म्हटले आणि कित्येक दिल्लीकरांना तिकडे धाडले. बदलीच्या हुकमाची व्यथा आम्हां सरकारी नोकरांस सांगावयास नको! पुढे परतीची मुभा मिळाली. काही परतले, काही तेथेच राहिले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब देवगिरीजवळच्या खुलताबादेत चिरविश्रांती घेत आहेत.

ते दिल्लीकर मराठी मातीत रुजले. आम्ही मराठी माणसे दिल्लीत. निवृत्ती जवळ येता परतावे की राहावे, हा प्रश्न आमच्याही घरोघरी आहे. तो ज्याने त्याने सोडवावा. मात्र त्याआधी मुलांना एकदा देवगिरी चढवावी. मग तुघलकाबादही त्यांना परका वाटणार नाही.