ओतीव रंग आणि त्यांचे माध्यम



औंधच्या टेकडीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथील राजा रविवर्म्यांची तैलचित्रे पाहताना आपण रंग पाहतो. त्या रंगाला कापडाशी बांधून ठेवणारे तेल मात्र ध्यानात येत नाही. रंगाची पूड आपण होऊन कशालाच धरून राहत नाही. दिवाळीच्या चुन्यात डिंक घालायचा राहिला, तर भिंतीला टेकणाऱ्याची पाठ पांढरी होते! त्या डिंकाचे काम चित्रात माध्यम करते.

अलीकडे आपल्याकडची मुलेही ॲक्रिलिक रंग पेल्यातून फळीवर ओतून चित्रे करू लागली आहेत. मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कला लॅकरचे रंग असेच एकमेकांवर ओतून पाहिले होते. जड रंग हलक्या रंगावर ओतला की तो खाली उतरू पाहतो, हलका वर येतो, आणि त्या झटापटीत सुंदर जाळी उमटते. दिसायला तो योगायोग. पण त्याच्या मुळाशी वजनाचा नियम आहे.

आमची पहिली फळी मात्र फसली. रंग वाहता व्हावा म्हणून आम्ही सढळ हाताने पाणी घातले. ओली होती तोवर फळी देखणी दिसली. वाळल्यावर बोट फिरवले, तो रंग बोटाला लागून आला. सोबतच्या लहान मुलीला वाटले, आपल्या हातात कलाच नाही. पण दोष तिच्या हाताचा नव्हता, आमच्या पाण्याचा होता. ॲक्रिलिक रंगात राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना बिलगून चिवट पापुद्रा धरतात. पाणी फार झाले, की कण विरळ होतात आणि पकड सुटते. म्हणून रंग पातळ करावा तो ओतकामाच्या माध्यमाने; त्यात राळ असतेच. सरावापुरता सुताराचा पांढरा गोंद चालेल, पण ओल लागली की तो मऊ पडतो.

आपल्या मुलखाची हवाही ओळखली पाहिजे. महाबळेश्वरच्या पावसात फळी लवकर वाळणार नाही. उलट जत-आटपाडीच्या उन्हात वर साय आधी धरेल, आतला रंग मागाहून आकसेल आणि भेगा पडतील. तेथे थर पातळ द्यावा, फळी सावलीत व सपाट ठेवावी.

तेव्हा एखादे मूल फसलेली फळी घेऊन आले, तर ‘तुला जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी एवढेच विचारू या : ‘बाळ, रंगात काय मिसळलेस?’