मापात पाप आणि टाकीला गळती

(पालघर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या बैठकीत वसईच्या कार्यकर्त्यांनी केलेले भाषण)



भाव, पाणी, जमीन हे नेहमीचे विषय सोडून आज आम्ही काँक्रीटच्या अवजारांवर बोलायला उभे आहोत. कुणी म्हणेल, हे गवंड्याचे काम, शेतकऱ्याला काय त्याचे? पण पंपाचा चौथरा, गोठ्याची जमीन, विहिरीचा कठडा, शेतावरची मोरी, पाण्याची टाकी, पोराच्या घराचा स्लॅब, या सगळ्यांत पैसा आपला जातो. तो एकदाच जातो, आणि काम बिघडले तर दुसऱ्यांदा जातो.

आमची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आठ घरांनी मिळून वाडीत पाण्याची एक टाकी बांधली. पैसे केळी आणि फुलांचे, दोन हंगामांचे. ठेकेदार ओळखीचा. माणसे आली, मातीवरच माल कालवला, घमेल्याने मोजला, पिंपातले पाणी अंदाजाने ओतले आणि बांबूने ढोसत भिंती भरल्या. आम्ही चहा दिला आणि आपापल्या कामाला गेलो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीवर तांबूस डाग उठले. मग गिलावा फुगून पडला. आत पाहिले तर सळई गंजलेली आणि काँक्रीटला मधाच्या पोळ्यासारखी भोके. टाकी गळू लागली. फोडण्याचा खर्चही आमचाच झाला.

दोष ठेकेदाराचा होताच, पण आमचाही होता. दादरच्या फुलबाजारात आपला माल काट्यावर चढला की आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. पन्नास ग्रॅमसाठी भांडतो. मापात पाप झाले तर ते कुणाच्या खिशातून जाते, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तेच आम्ही, काँक्रीट कालवले जात असताना, पाठ फिरवून उभे राहिलो. म्हणून आज सांगायचे ते एकच. काँक्रीटच्या कामात मोठ्या यंत्राआधी मोजायचे अवजार हवे, आणि ते शेतकऱ्याच्या मालकीचे हवे.

पहिले अवजार म्हणजे फर्मा. लाकडाची किंवा पत्र्याची, तळ असलेली पेटी, आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ उंच. तिच्यात ३५ लिटर माल बसतो, आणि सिमेंटची ५० किलोची गोणीही जवळजवळ तेवढीच भरते. एक गोणी, दीड फर्मा रेती, तीन फर्मे खडी, हे एम २० काँक्रीटचे रूढ प्रमाण. फर्मा भरला की वरून पट्टी फिरवायची. घमेले शिगोशीग भरले तर माल एक, सपाट भरले तर दुसरा. संध्याकाळी दमलेला बिगारी सकाळसारखे घमेले भरत नाही, त्यात त्याचा दोष नाही. फर्मा मात्र दमत नाही. पण एक लक्षात ठेवा. पाण्याच्या टाकीला आणि खाडीकाठच्या कामाला एम २० पुरत नाही, एम ३० च्या घरातला माल लागतो. त्याचे प्रमाण इंजिनिअरकडून वजनावर ठरवून घ्या. आमच्या टाकीचे आम्ही ते केले नव्हते.

दुसरे अवजार, खुणा केलेली बादली. गोणीमागे २५ लिटर पाणी म्हणजे सिमेंटच्या निम्मे वजन. खारी हवा जिथे थेट लागते तिथे पाणी याहूनही कमी घालावे, आणि रेतीतली ओलही याच हिशेबात धरावी. माल घट्ट वाटला की "अजून थोडे ओता" अशी हाक येते. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. त्या वाटेने खार आत शिरतो. माल घट्ट वाटत असेल तर इलाज पाण्याचा नसून व्हायब्रेटरचा आहे.

तिसरे अवजार काचेचा सरळ पेला. ओली रेती फुगते. पेल्यात २० सेंटिमीटर ओली रेती भरा, ती काढून पेल्यात पाणी घ्या, रेती परत टाका आणि ढवळा. ती १६ वर बसली तर रेती पाव हिश्श्याने फुगलेली होती. मग मापात सव्वापट रेती घ्यायला हवी. नाही घेतली तर खडीतल्या फटी भरत नाहीत, आणि आम्ही पाहिलेली ती भोके पडतात.

आता पाणी. वसईच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. किनाऱ्याजवळ गोडे पाणी बेसुमार उपसले की समुद्र आत सरकतो. त्यामुळे पावसाळ्यात गोडी असलेली विहीर मे महिन्यात मचूळ लागते, आणि बांधकाम आपण नेमके मे महिन्यात काढतो. आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीने सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे. सोपा नियम असा की जे पाणी तुम्ही पाहुण्याला प्यायला देणार नाही, ते काँक्रीटला देऊ नका. शंका असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. खाडीतली न धुतलेली रेतीही तशीच घातक. आमच्या टाकीच्या सळया आतल्या मिठाने आणि बाहेरच्या खाऱ्या वाऱ्याने, दोन्हीकडून खाल्ल्या.

वसईचा किल्ला पाहा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, म्हणजे भिंती त्याहूनही जुन्या. खाऱ्या वाऱ्यात उभ्या आहेत, कारण त्या दगड-चुन्याच्या आहेत, पोटात गंजणारी सळई नाही. आपल्या काँक्रीटमध्ये लोखंड आहे. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून चौथी वस्तू, कव्हर ब्लॉक. सळई आणि साचा यांच्यात अंतर राखणारा हा छोटासा ठोकळा. किनाऱ्याच्या हवेत आडोशाच्या कामालाही ३० मिलिमीटर आवरण हवे, जास्त खारटाणात ४५. सळईखाली खडीचा तुकडा सरकवला की तो घसरतो आणि सळई साच्याला टेकते. घरातल्या कामात ठोकळ्याइतके स्वस्त दुसरे काही नाही, आणि सगळ्यात आधी विसरतात तेही तेच.

मग यंत्रे. मिक्सर भाड्याने मिळतो. बाजारात ज्याला दहा-सात म्हणतात त्यात एका गोणीचा माल एका वेळी बसतो. अर्धी गोणी लावायची पाळी येईल असा लहान मिक्सर घेऊ नका, तिथे पुन्हा अंदाज शिरतो. सगळा माल आत गेल्यावर दोन मिनिटे फिरू द्या. जव्हार-मोखाड्याच्या भावांकडे पाणी गोडे, पण चढावर मिक्सर पोचत नाही. त्यांनी हाताने जरूर कालवावे, मात्र मातीवर नको, लोखंडी पत्र्यावर. आधी रेती-सिमेंट कोरडे एकरंगी करून मग खडी आणि शेवटी पाणी. हाताच्या कालवणीला सिमेंट दहा टक्के जास्त धरण्याची रीत आहे.

तयार काँक्रीटची गाडी मोठ्या स्लॅबला चांगली. पण आमच्या वाड्यांच्या वाटा बैलगाडीच्या मापाच्या, आणि माल भरल्यापासून दोन तासांत उतरवायचा असतो. अहमदाबाद महामार्गावरची कोंडी तुम्हाला माहीत आहे. चालकाने वाटेत किंवा दारात पाणी ओतले तर तो माल घेऊ नका.

निडल व्हायब्रेटर मात्र प्रत्येक सळईच्या कामाला हवाच. पातळ भिंतीला २५ मिलिमीटरची सुई, स्लॅब-बीमला ४० ची. सुई सरळ आत घाला, बुडबुडे थांबले की सावकाश बाहेर काढा, आणि फुटाच्या आत पुढची जागा घ्या. सुईने माल ओढू नये, ती सळईला लावू नये. कामाच्या दिवशी दुसरी सुई जवळ ठेवा, कारण पहिली नेमकी अर्ध्या भिंतीत बंद पडते. विजेवरचा व्हायब्रेटर असेल तर ओल्यात जोड दिलेली केबल चालणार नाही. गळती झाली की वीज तोडणारा स्विच आधी बसवा. आणि माल वाहणाऱ्या बायांना रबरी हातमोजे व बूट द्या. सिमेंटने हातांची साले निघतात. मजुराच्या कातडीवर काटकसर करणारा शेतकरी उद्या आपल्या घामाचा दाम कोणत्या तोंडाने मागणार?

शेवटी गोणपाट आणि पाइप. काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवा, चौदा ठेवले तर उत्तम. गोड्या पाण्याने. हे काम ठेकेदाराचे माणूस करत नाही, घरच्यालाच करावे लागते.

आता आमचा प्रस्ताव. फर्मा, खुणांची बादली, पेला, कव्हर ब्लॉकचा साचा, ओळंबा, पाणसळ, गुनिया आणि दोन ताडपत्र्या, एवढा संच प्रत्येक गावाने वर्गणीतून करावा आणि फिरता ठेवावा. मिक्सर आणि व्हायब्रेटर भाड्यानेच आणावेत, वर्षातून दोनदा लागणाऱ्या यंत्रात भांडवल अडकवू नये. ठेक्याच्या कागदावर प्रमाण, पाणी, आवरण आणि व्हायब्रेटर या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. सार्वजनिक पैशाची मोरी किंवा बंधारा असेल तर १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी दाबून तपासल्याचा दाखला मागावा.

नवी टाकी आम्ही याच रीतीने बांधली. आठ घरांपैकी एक माणूस, पाळीपाळीने, दिवसभर फर्म्याजवळ बसून प्रत्येक गोणीमागे वहीत रेघ ओढत होता. गवंडी पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "काका, किती झाल्या?"

बाजारातल्या काट्यासाठी भांडायला आपण शिकलो. आता आपल्या दारातल्या मापासाठीही उभे राहू या. संचासाठी गावांची नावे आजच, बैठक संपण्यापूर्वी द्या.