नाकाची शस्त्रक्रिया आणि धीराचे एक वर्ष

(संस्थेच्या आरोग्य व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला व्यापारी आहे. तरीही विश्वस्तांनी हा विषय माझ्याकडे सोपविला, कारण आमच्या घरात ही शस्त्रक्रिया झाली आणि आम्ही ती लपविली नाही. खरे सांगायचे तर मी लपविणार होतो. मुलीने लपवू दिली नाही.

धाकटी कन्या अकरा वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली. नाकातून रक्त आले, थांबले, आणि आम्ही हळद लावून मोकळे झालो. मूळ चूक तिथेच झाली. हाड सरकले असेल तर पहिल्या आठ-दहा दिवसांत, लहान मुलांमध्ये त्याहूनही लवकर, ते जागेवर बसविता येते. पुढे मोठ्या शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. मार लागल्यानंतर नाक आतून बंद होत गेले व वेदना वाढत गेल्या, तर पडद्यात रक्त साकळलेले असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अन्यथा आतील कूर्चा मरते आणि नाकाचा दांडा खचतो.

तिचे नाक वाकले ते वाकलेच. विवाहाच्या बोलण्यांत दोन ठिकाणी त्याचा विषय निघाला. तिने शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. मी तीन वर्षे नकार दिला. हे रूपाचे खूळ आहे, अशी माझी ठाम समजूत. एके रात्री ती म्हणाली, "अण्णा, लोकांचे राहू द्या. मला एका नाकपुडीने श्वासच येत नाही. मी तोंड उघडे ठेवून झोपते, हे तुम्हांला माहीत तरी आहे का?" मला माहीत नव्हते. एका घरात राहून माहीत नव्हते.

ही विद्या परदेशातून आली असे मी धरून चाललो होतो. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाच्या त्वचेने नाक घडविण्याची रीत सांगितली आहे, हे मला ठाऊक नव्हते. आणि आपल्या पुण्याची हकिकत तर मुळीच नव्हती. 1792 च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यासोबत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या जातीच्या कारागिराने मेणाची पातळ पट्टी नाकाच्या आकाराची केली, ती सपाट करून कपाळावर ठेवली, त्या मापाने त्वचा कापली आणि खाली वळवून नवे नाक बसविले. शिंपी कागदी नमुना कापडावर ठेवतो, अगदी तसेच! पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजविले, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे तुकडे आत ठेवले, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी राहिलेला त्वचेचा दुवा तोडला. ही हकिकत 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने 1814 मध्ये तेथे तशीच शस्त्रक्रिया केली.

आता आजची रीत. शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते व दोन-तीन तास चालते. त्याआधी सहा तास अन्न वर्ज्य. छेद नाकाच्या आतून घेतात, किंवा दोन नाकपुड्यांमधील पट्टीवर एक लहानसा बाहेरून. तंबाखू आणि तपकीर काही आठवडे आधीच बंद हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना सांगावे. मनाने त्या थांबवू नयेत. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांनी औषधांच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात. जखम भरेपर्यंत लांबलचक उपवास आरंभू नयेत, हे मी आमच्या घरातील अनुभवावरून सांगतो. सौभाग्यवतींशी माझा त्यावरून वाद झाला होता.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलीच्या डोळ्यांखाली काळेनिळे झाले, पापण्या सुजल्या. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितले की हे असेच होते, दहा-चौदा दिवसांत जाईल. गेलेही. पण आठव्या दिवशी नाकावरचे प्लॅस्टर निघाले, आणि आरशात जाड, वर उचललेले, अनोळखी नाक पाहून ती रडू लागली. मीही मनात म्हटले, फसलो! त्या घटकेला कोणी निर्णय देऊ नये. बरीचशी सूज तीन महिन्यांत उतरते. शेंड्याचा खरा आकार दिसण्यास एक वर्ष, जाड त्वचेत त्याहून अधिक लागते. शेंडा काही आठवडे बधिर राहतो, वरचा ओठ ताठरतो. पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक आल्यास तोंड उघडून द्यायची, डोके उंच ठेवून निजायचे, ओझे उचलायचे नाही. चार ते सहा आठवडे चष्मा नाकावर टेकवायचा नाही. तिला चष्म्यावाचून दिसत नसे. मी दुकानातील मलमलीची पट्टी करून चष्मा कपाळाला बांधून दिला. एवढेच काय ते माझे वैद्यकीय योगदान! रक्त थांबेना, ताप चढला किंवा दृष्टीत फरक पडला, तर मात्र वाट पाहू नये.

संगणकावर भावी नाकाचे चित्र दाखवितात. ते अंदाजपत्रक समजावे, पावती नव्हे. शंभरांतील पाच ते पंधरा जणांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते, असे जाणकार सांगतात, आणि तीही वर्ष उलटल्यावर. नाकाची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींत पंधरा-सोळा व मुलांत सतरा-अठरा वर्षांपर्यंत, केवळ रूपासाठी घाई करू नये. डॉक्टरांची पात्रता, नोंदणी व अशा किती शस्त्रक्रिया केल्या, हे विचारण्यास संकोच नसावा; आपण ताग्याचा पन्हादेखील विचारून घेतो. विमा कंपन्या रूपासाठीचा खर्च सहसा देत नाहीत. अपघात वा श्वासाचा अडथळा असेल तर मिळू शकतो, म्हणून लेखी मंजुरी आधी घ्यावी.

वर्षभराने तिचे नाक सरळ दिसू लागले. अगदी रेखीव नाही. डावीकडे किंचित उंचवटा आहे. पुढे स्थळ आले तेव्हा मी गप्प बसण्याचे ठरविले होते. चहाचे पेले ठेवता ठेवता तिनेच सर्वांदेखत सांगून टाकले. वराच्या मातोश्रींनी एकच विचारले, "आता झोप लागते ना नीट?"

कोणाच्या घरी असा प्रश्न असेल तर अवश्य दुकानात यावे. दुपारी दोननंतर गिऱ्हाईक कमी असते, निवांत बोलता येईल.