स्त्रीबीज गोठवणे : सोय कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय वाचून काहीजणींना वाटले असेल की हा मुंबई-पुण्यातल्या भरपूर पगाराच्या मुलींचा प्रश्न आहे. वस्तीतल्या, गावातल्या बायकांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, त्याकडे मी येणार आहे. पण आधी शरीराची माहिती घेऊ. कारण याबाबत आपल्याकडे भीती फार आणि माहिती थोडी.

पुरुषाच्या शरीरात वयात आल्यापासून शुक्रबीजे सतत तयार होत राहतात. स्त्रीचे तसे नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या दोन्ही बीजकोषांत मिळून सुमारे १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात चारशे-पाचशे पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. वयाबरोबर हा साठा घटतो आणि उरलेल्या बीजांची प्रतही उतरते. रंगसूत्रांच्या वाटणीत चुका होऊ लागतात. त्यामुळे दिवस राहणे अवघड होते आणि राहिले तरी गर्भ पडण्याचे प्रमाण वाढते. तिशीच्या सुरुवातीपर्यंत फरक थोडा असतो, सदतिशीनंतर उतार वेगाने होतो. तिसाव्या वर्षी निरोगी स्त्रीला एखाद्या महिन्यात दिवस जाण्याची शक्यता साधारण २० टक्के असते. चाळिसाव्या वर्षी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. पाळी नियमित येते म्हणजे बीजे उत्तम आहेत, असे समजू नये.

ही माहिती प्रत्येक मुलीला मिळाली पाहिजे. बाई म्हणजे मुले जन्माला घालणारे यंत्र नव्हे, असे आपण म्हणतो. ते म्हणण्यासाठी शरीराचे वय नाकारण्याची गरज नाही. मात्र सत्य अर्धेच सांगितले जाते. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही कारण असते. त्याच्या वयाचाही परिणाम होतो. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय, अंगावर काढलेला जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात यांमुळे गर्भनलिका बंद होतात आणि पंचविशीतल्या बाईवर ‘वांझ’ म्हणून शिक्का बसतो. तिच्यासाठी कोणी जाहिरात करीत नाही.

आता गोठवणे म्हणजे काय ते पाहू. दहा-बारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने देतात, म्हणजे एरवी एक बीज पक्व होते तिथे अनेक होतात. अधूनमधून सोनोग्राफी करतात. मग थोडी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजे काढून घेतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. पोट फुगणे, दुखणे होते. क्वचित बीजकोष अति उत्तेजित होऊन बाईला रुग्णालयात ठेवावे लागते. पुढे मूल हवे असेल तेव्हा बीज वितळवून प्रयोगशाळेत फलित करायचे आणि गर्भाशयात सोडायचे. म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा सगळा व्याप उरतोच.

१९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून गोठवलेल्या स्त्रीबीजापासून जन्म झाल्याची पहिली नोंद आली. २०१२ मध्ये अमेरिकेतील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला आणि धंद्याला जोर आला. आपल्याकडे सार्वजनिक रुग्णालयात सुरू झालेले हे शास्त्र आज बहुतांशी खाजगी दवाखान्यांच्या हाती आहे. एका फेरीचाच खर्च लाखाच्या घरात जातो, शिवाय साठवणीचे दरवर्षीचे भाडे.

जाहिरातीत याला ‘विमा’ म्हणतात. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक हिशेब मांडला. किमान एक मूल होण्याची ७५ टक्के शक्यता हवी असेल तर ३४ व्या वर्षी सुमारे १०, ३७ व्या वर्षी २० आणि ४२ व्या वर्षी ६१ बीजे गोठवावी लागतील. आणि वय वाढते तशी एका फेरीत मिळणारी बीजे कमी होतात! ज्या वयात बायकांना घाबरवून बोलावले जाते, त्याच वयात उपयोग सर्वांत कमी. शिवाय गर्भाशयात बीज सोडले तरी पंचेचाळिशीतल्या गरोदरपणात रक्तदाब, मधुमेह यांचा धोका राहतोच.

म्हणून काय, या तंत्राला सरसकट विरोध करायचा? नाही. कॅन्सरच्या औषधोपचाराआधी तरुण मुलीची बीजे जपता येतात, हा मोठा आधार आहे. २०२१ च्या कायद्याने अविवाहित स्त्रीलाही २१ ते ५० वयात ही सेवा घेता येते. तिने कोणाची परवानगी का मागावी?

आपला प्रश्न वेगळा आहे. २०१४ साली फेसबुक आणि अॅपल या कंपन्यांनी स्त्री कर्मचाऱ्यांच्या बीज गोठवण्याचा खर्च देऊ केला. कामाचे तास तेच, बदलायचे ते बाईच्या शरीराने. आणि आपल्या बीड जिल्ह्यात काय दिसले? २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींचे वय चाळिशीच्या आतले. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, आजाराला धड उपचार नाही, मग पिशवीच काढून टाक. एकीला मातृत्व पुढे ढकलायला सांगतात, दुसरीला गर्भाशय काढायला. पैशाची दरी प्रचंड आहे, पण दोघींना सांगणे एकच : कामाला तुझ्या शरीराची अडचण नको. संबंध आहे म्हटले तो हा.

१९८८ साली गर्भलिंगचिकित्सेविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, तो चळवळीच्या रेट्यामुळे. तेव्हा विचारले तेच आजही विचारू : हे तंत्र कोणाच्या हातात, फायदा कोणाचा, धोका कोणाचा?

तुमच्याकडे कोणी सल्ला मागायला आली तर तिला दवाखान्यात हे विचारायला सांगा. माझ्या वयाच्या किती बायकांना तुमच्याकडे गोठवलेल्या बीजापासून मूल झाले? किती फेऱ्या लागतील? औषधे धरून एकूण खर्च किती? बीजे किती वर्षे ठेवणार, आणि दवाखाना बंद पडला तर? उत्तरे लेखी घ्या.

आणि मागण्या आपल्या सर्वांच्या. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची प्रसूतीरजा आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर कायद्यात आले. ते प्रत्यक्षात आले का, हे तपासा. उसाच्या फडात पाळणाघर, पाळीच्या दिवसांत दंडाविना सुट्टी, सरकारी रुग्णालयात वंध्यत्वाची तपासणी, आणि तीही नवरा-बायको दोघांची, यांसाठी लढावे लागेल. हवे तेव्हा मूल होऊ देता येणे आणि नको तेव्हा नाही म्हणता येणे, हा हक्क विकत घेण्याची पाळी कोणत्याच बाईवर येऊ नये.