बर्फ कुणाच्या वाट्याला, आणि किती वेळ?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मुली आणि खेळ’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी तीस वर्षं शाळेत खेळाची शिक्षिका होते, त्यामुळे खो-खो, कबड्डीबद्दल बोलेन असंच तुम्हांला वाटलं असणार. पण आज मी तुम्हांला लडाखला नेणार आहे. तिथल्या मुली आइस हॉकी खेळतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे मी लेहला जाऊन राहिले आणि बर्फाच्या कडेला उभी राहून बारा ते सतरा वयाच्या मुलींचा सराव पाहिला. या मुलींचा येणारा हंगाम कसा जाईल, हा आजचा माझा विषय.

आधी खेळ थोडक्यात सांगते. पायात पातं लावलेले बूट, म्हणजे स्केट. हातात काठी. चेंडूऐवजी रबराची जड चकती, तिला ‘पक’ म्हणतात. एका वेळी गोलकीपर धरून सहा जणी बर्फावर असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पण हा खेळ इतका दमवणारा आहे की पाऊण-एक मिनिटाच्या वर कुणी सलग जोमाने खेळू शकत नाही. खेळ चालू असतानाच एक फळी बाहेर येते, दुसरी आत जाते. म्हणून संघ सहा जणींचा असून भागत नाही, वीसएक जणी लागतात. आणि वीस मुली म्हणजे वीस हेल्मेटं, वीस जोड स्केट, गुडघ्याचे, कोपराचे, छातीचे वीस संच. गोलकीपरचं साहित्य आणखी वेगळं आणि आणखी महाग. हे बहुतेक सगळं परदेशातून येतं. खेळ कुणाला परवडतो हे इथेच ठरायला लागतं.

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या मध्यापासून साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तळी आणि पाणी भरून तयार केलेली मैदानं गोठतात. लडाखी मुलींचा हंगाम म्हणजे मुख्यतः हे दोन महिने. शाळांना तेव्हाच हिवाळ्याची लांब सुट्टी असते आणि जम्मू, चंदीगड, दिल्लीला शिकायला गेलेल्या मुलीही घरी येतात. ज्या देशांशी पुढे सामना करायचा, तिथे यंत्राने गोठवलेली रिंक वर्षभर असतात. शिवाय थंडी आता पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही. बर्फ उशिरा धरला किंवा लवकर सुटला, की दोन महिन्यांतलेही दिवस कमी होतात.

अशा स्थितीत या मुलींनी काय केलं ते ऐका. भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला २०१६ साली, तैपेईमध्ये. खेळाडू बहुतेक लडाखच्या, त्यांत बौद्धही आणि मुसलमानही. प्रवासखर्चासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. तिथे एकही सामना जिंकता आला नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, बँकॉकला फिलिपीन्सला ४-३ असं हरवून पहिला विजय मिळाला. २०१८ साली कॅनडाच्या हेली विकेनहायझर लेहला येऊन मुलींना शिकवून गेल्या. ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं नावावर असलेली ही बाई. आणि २०२५ साली, संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे, आशिया चषक स्पर्धेत भारताच्या महिलांनी कांस्यपदक मिळवलं. पहिल्या सामन्यापासून पहिल्या पदकापर्यंत नऊ वर्षं.

पैसे गोळा करण्याचं नवल आपल्याला नाही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले तेही लोकांच्या वर्गणीवरच, आणि कांस्यपदक घेऊन आले. आपण ती गोष्ट मुलांना अभिमानाने सांगतो. पण वर्गणीवर पदक आलं, याचा अर्थ वर्गणीवर खेळ चालतो असा नाही. वर्गणीतून एक प्रवास होतो. रोजचा सराव त्यातून होत नाही.

आता नव्या हंगामाकडे येते. पदकामुळे धाकट्या मुलींना मोठा फायदा झाला आहे, तो असा की त्यांना शिकवायला बाया आहेत. २०१६ ला ज्या मुली गेल्या त्यांना आपल्याआधीची कुणी बाई या खेळात दिसलेली नव्हती. भावांकडे बघून त्या शिकल्या. आज बारा वर्षांच्या मुलीला स्केटचे बंद बांधायला तिची ताई शिकवते, ही ताई देशासाठी खेळून आलेली असते. दुसरा फायदा नोकरीचा. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचा महिलांचा आइस हॉकी संघ आहे. खेळातून नोकरी लागू शकते म्हटल्यावर आईवडलांचा सूर बदलतो. हे तुम्हांला मी सांगायला नको.

पण तीन गोष्टी अजून नडतात.

पहिली गोष्ट वेळेची. सकाळी बर्फ कडक आणि गुळगुळीत असतो. तासाभराच्या खेळाने त्यावर पात्यांच्या चिरा पडतात. दुपारी ऊन लागलं की वरचा थर मऊ होतो. मग संध्याकाळी फावड्याने खरवडून, पाणी मारून रात्रभर पुन्हा गोठू द्यायचा. म्हणजे ‘मुलींनाही बर्फ दिलाय’ एवढं म्हणून चालत नाही. कोणत्या वेळचा बर्फ दिलाय, ते विचारावं लागतं. मी पाहिलं त्या तळ्यावर मुलांचा सराव आधी आणि मुलींचा मागून होता. कुणी वाईट हेतूने केलं होतं असं नाही. पहिल्यापासून तसंच होतं, एवढंच. चिरा पडलेल्या बर्फावर पक उसळतो, पाय अडकतो, मुलगी पडते. मग बघणारे म्हणतात, मुलींना नीट जमत नाही.

दुसरी गोष्ट साहित्याची. बरंचसं साहित्य दान म्हणून येतं, आणि दान वापरलेलं, मोठ्या माणसांच्या मापाचं असतं. तेरा वर्षांच्या मुलीचा पाय दोन मापं मोठ्या स्केटमध्ये लटपटतो. मोजे कोंबून ती भरून काढते. घोट्याला आधार नसेल तर वेगात वळता येत नाही, आणि वळता आलं नाही तर हा खेळच येत नाही. देणाऱ्यांचे आभार मानावेत, पण माप विचारण्याचा हक्कही सोडू नये.

तिसरी गोष्ट आडोशाची. अंगावर हे सगळं चढवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या तळ्यापाशी कपडे बदलायला खोली नव्हती, संडास नव्हता. पाळी आलेल्या मुली तेवढे दिवस घरी राहत. दोन महिन्यांच्या हंगामात असे आठ-दहा दिवस गेले तर उरतं काय? आपल्या शाळेच्या मैदानावर मी हेच पाहिलं. नववीपर्यंत वाऱ्यासारखी पळणारी मुलगी अचानक कडेला बसायला लागायची. विचारलं की ‘पोट दुखतंय’.

हे फक्त गरीब, दुर्गम भागातलं दुखणं आहे असं समजू नका. कॅनडात तर आइस हॉकी घरोघरी. तिथे टोरांटोची अ‍ॅबी हॉफमन नावाची मुलगी केस बारीक कापून, ‘अ‍ॅब’ नावाने मुलांच्या संघात एक हंगाम खेळली. १९५६ साली निवडक खेळाडूंच्या संघासाठी जन्मदाखला पाहिला गेला, तेव्हा ती मुलगी असल्याचं उघड झालं. ती नऊ वर्षांची होती. पुढे ती धावपटू म्हणून चार ऑलिंपिकला गेली. त्यानंतर तीस वर्षांनी जस्टिन ब्लेनी या मुलीला मुलांच्या संघात निवड होऊनही खेळू देत नव्हते. ओंटारियो प्रांताच्या मानवी हक्क कायद्यातच खेळांमध्ये स्त्री-पुरुष भेद करायला मोकळीक होती. ती कोर्टात गेली, आणि १९८६ साली अपील कोर्टाने ते कलम रद्द केलं. महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली १९९०ला, ऑलिंपिकमध्ये प्रवेश १९९८ला, आणि अठरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा थेट २००८ला सुरू झाली. बर्फ, पैसा, रिंक सगळं असूनही तिथे मुलींना इतकी वर्षं लागली. तेव्हा कमतरता केवळ साधनांची नव्हती.

मग लडाखच्या धाकट्या मुलींचा हंगाम कसा जाईल? मला विचाराल तर त्यांच्या अंगात खेळ आहे, उंचीवर वाढल्याने दमही आहे, शिकवणाऱ्या ताया आहेत. त्या चांगल्या खेळतील. पण त्यांतल्या किती जणी पुढच्या हंगामाला परत येतील, हा मला पदकापेक्षा मोठा प्रश्न वाटतो. संघ नवा होत राहतो तो परत येणाऱ्या मुलींवर.

आता आपलं काम. तुमच्या तालुक्यात बर्फ नाही, पण मैदान आहे. घरी गेल्यावर जवळच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना, क्रीडाशिक्षकांना चार प्रश्न विचारा. मुलींना मैदान कोणत्या वेळी मिळतं? बूट आणि साहित्य त्यांच्या मापाचं आहे का? मैदानाजवळ दार लागणारा, पाणी असलेला संडास आहे का? गेल्या वर्षी खेळणाऱ्या मुलींपैकी यंदा किती उरल्या, आणि बाकीच्या कुठे गेल्या? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा शाळेत मिळणार नाही. त्यासाठी त्या मुलींच्या घरी जावं लागेल, त्यांच्या आयांशी बोलावं लागेल. संध्याकाळी पाणी कोण भरतं, धाकट्याला कोण सांभाळतं, तेही विचारा. उत्तरं वहीत लिहून आणा. पुढच्या शिबिरात पहिला तास आपण त्या वह्या वाचण्यासाठी ठेवू.