जनावरांच्या साथीचा नकाशा कसा वाचावा?



जनावरांची साथ आली की हल्ली मोबाईलवर तांबड्या ठिपक्यांचा नकाशा फिरू लागतो. कोणी घाबरून गाय मिळेल त्या भावात विकतो, तर कोणी "आपल्या तालुक्यात ठिपका नाही" म्हणून निर्धास्त राहतो. दोघांचेही नुकसान होते. म्हणून हा नकाशा वाचायचा कसा, ते आज पाहू.

नकाशावर रोग दाखवण्याची कल्पना तशी जुनीच. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली आणि दोष एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवू लागला. आता तेच काम संगणकावर होते. पॅरिसच्या जागतिक पशु आरोग्य संघटनेचा 'वाहिस' हा नकाशा कोणालाही उघडून पाहता येतो. आपल्याकडे बेंगळुरूची 'निवेदी' ही संस्था कोणत्या जिल्ह्यात कोणत्या रोगाचा धोका आहे, याचा अंदाज दोन महिने आधी देते.

नकाशा पाहताना प्रथम तारीख बघा. तारीख नसलेला नकाशा पुढे पाठवूच नये. दुसरे, ठिपका म्हणजे आजचा रोग नव्हे. लम्पीचेच घ्या. विषाणू शिरल्यावर ताप व गाठी दिसायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात. मग मालक दवाखान्यात येणार, नमुना प्रयोगशाळेत जाणार, नोंद होणार आणि त्यानंतर ठिपका उमटणार. तोवर रोग पुढच्या गावी गेलेला असू शकतो. तेव्हा शेजारच्या तालुक्यात ठिपका दिसला, तर आपल्या शिवारात रोग आला असेल असे धरूनच चालावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ठिपके कसे पसरतात ते बघा. लम्पी डास, चावऱ्या माश्या व गोचिडांमार्फत पसरतो. ठिपके गावाला गाव लागून सरकत असतील, तर ते बहुधा कीटकांचे काम. पण एकदम शंभर किलोमीटरवर ठिपका उमटला, तर माशी काही तेवढी उडत नाही! तिथे आजारी जनावर टेम्पोतून गेले, असाच संशय घ्यावा. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पी आढळला आणि पुढे तो राज्यभर पसरला. त्या वेळी जनावरांचे बाजार बंद ठेवले, ते याच कारणाने. बाजार बंद झाला की शेतकऱ्याची अडचण होते, हे खरे. पण वाहतूक थांबल्याशिवाय ठिपक्यांच्या उड्या थांबत नाहीत.

आता कोऱ्या जागेविषयी. नकाशावर गाव कोरे आहे, म्हणजे रोग नाही असे नव्हे. कोणी कळवलेच नसेल, तर ठिपका येणार कुठून? दूध कोणी घेणार नाही, गाय विकली जाणार नाही, या भीतीने काही जण गाठी आलेले जनावर मागच्या गोठ्यात लपवतात. आता हिशोब करा. २०२२ मध्ये बाधित गावाभोवतीच्या ५ किलोमीटर परिघात लसीकरण केले गेले. नोंद नाही, तर परीघ नाही. परीघ नाही, तर शेजाऱ्याच्या वासरालाही लस वेळेवर नाही. लस टोचल्यावरही पुरेशी प्रतिकारशक्ती यायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे लपवलेला एकेक दिवस गावाला महाग पडतो. शिवाय २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित साथरोगाचा संशय आल्यास कळवणे मालकावर बंधनकारक आहे. लम्पी माणसाला होत नाही, हे गावात अवश्य सांगावे. निम्मी भीती तिथेच जाते.

नवी गाय आणण्यापूर्वी ती ज्या गावाची आहे, त्या भागातील ठिपके पाहा आणि तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारा. आणल्यावर चार आठवडे वेगळी बांधावी, पाण्याची बादलीही वेगळी ठेवावी. ताप, अंगावर गाठी, पायाला सूज, दूध घटणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. गावाचे नाव, आजारी जनावरांची संख्या आणि पहिले लक्षण दिसल्याची तारीख सांगावी. नकाशाला लागते ती एवढीच माहिती.